फुंकरीत जे दिसलं नाही

वहिनी,

परवा नदीवर तुझा दहावा झाला. घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माईक होता, श्रद्धांजलीची भाषणं होती. सोसायटीचे कुणी, दूध डेअरीचे कुणी, आजी-माजी सरपंच. प्रत्येकानं तुला 'मनमिळाऊ' म्हटलं. तू मनमिळाऊ नव्हतीस. दारू पिऊन आलेल्या स्वतःच्या सख्ख्या चुलत्याला तू भरल्या खानावळीत ताटावरून उठवलं होतंस. एकानं तर तुझं नाव कुसुम ऐवजी सुमन घेतलं आणि कुणी त्याला अडवलंही नाही. दादा डोकं भादरून पुढच्या रांगेत बसला होता, त्यानंसुद्धा मान वर केली नाही.

शेवटी माईकवाला म्हणाला, "नंदाताई पुण्यात शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले आणि माईककडे जायच्या ऐवजी जीपगाड्या लावल्या होत्या तिकडे चालत गेले. तिथं एका चाकाला टेकून उभी राहिले. मला बोलायचं होतं, पण त्या लोकांशी नव्हतं. तुझ्याशी होतं, आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं होतं. आपलं भांडण मिटायचं राहिलं आहे.

तू आमच्या गावच्या, डिंगोऱ्याच्या घरात आलीस तेव्हा मी दहावीला होते. घोडेगावकडची मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी शहाण्यासारखी 'अहो वहिनी' म्हणायला लागले तर तू चुलीपुढून म्हणालीस, "मला तुमी म्हनू नको. कोन म्हातारं मानूस आलं म्हनून मीच मागं वळून बघते." आणि वर म्हणालीस, "नणंदंचं नाव नंदा, बरं झालं. इसरायला नको." तेव्हापासून चारचौघांत मी नंदाताई आणि घरात नंदे.

दादानं आळेफाट्याला खानावळ टाकली ती नावापुरती त्याची होती. चालवलीस तू. नाशिककडं जाणारे, नगरकडं जाणारे ट्रकवाले तुझ्या मासवडीसाठी थांबायचे. मासवडीच्या सारणात लसूण किती आणि खोबरं किती ते तू कुणाला सांगितलं नाहीस, मलाही नाही. मी पुण्यात कॉलेजला असताना दर शनिवारी तुझा डबा एसटीनं यायचा. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं झाकण बांधलेलं असायचं. कंडक्टर शिवाजीनगरला हाक मारायचा, "आळेफाट्याचा डबा कोनाचा?" आणि खोलीवरच्या आम्ही चौघीही धावायचो. एकदा कंडक्टर विसरला आणि डबा गाडीबरोबर डेपोत गेला. दुसऱ्या दिवशी मी तिथून तो सोडवून आणला. रस्सा आंबला होता. तरी मी वड्या धुऊन खाल्ल्या. हे तुला कधी सांगितलं नाही, तू चिडली असतीस.

त्या डब्यावर मी एम.एस्सी. झाले. मी पुढं शिकावं की लग्न करावं यावर घरात बोलणी सुरू झाली तेव्हा तू दादाला एवढंच म्हणालीस, "तिला इचारलं का?" बाकी काही नाही. पण रोज म्हणायचीस. सकाळी चहा देताना, दुपारी गल्ला मोजताना, "तिला इचारलं का?" दादानं शेवटी वैतागून विचारलं.

आणि तू स्वतः तुझा रस्सा खायची नाहीस. तळहातावर थेंबभर घेऊन चाखायचीस, बस्स. सगळी पंगत उठल्यावर तू दहीभात घेऊन बसायचीस. पदराच्या गाठीला खायच्या सोड्याची पुडी असायची. "जळतंय लई," म्हणायचीस आणि चिमूट तोंडात टाकून वर पाणी प्यायचीस. फाट्यावरचे डॉक्टर म्हणायचे पित्त आहे, तिखट कमी करा, चिंता कमी करा. चूल पेटती ठेवून कुठली चिंता कमी करणार होतीस? गोळ्या खाल्ल्या की चार दिवस बरं, मग पुन्हा सोडा. वर्षानुवर्षं.

मी लेझरच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा आमच्या गटापुढं हेच काम होतं. जठरात एक पीळ पडलेला जंतू राहतो, त्याच्यामुळं पुष्कळांना पोटात व्रण होतात. तो आहे की नाही हे घशातून नळी न घालता, नुसत्या श्वासावरून ओळखायचं. तुला मी हे खानावळीच्या बाकावर बसून समजावलं होतं. तू मासवडीच्या वळ्या कापत होतीस.

"त्या जंतूला युरिया फोडता येतो," मी म्हणाले.

"युरिया? कांद्याला टाकतो त्यो?"

"तोच, पण औषधासारखा शुद्ध, चिमूटभर. त्यातला कार्बन आम्ही मुद्दाम जरा जड घेतो. माणसानं तो संत्र्याच्या रसातून प्यायचा. जंतू असला तर तो युरिया फोडतो, जड कार्बनचा वायू रक्तात जातो, तिथून फुफ्फुसात, तिथून श्वासात. मग माणसानं पिशवीत फुंकर मारायची आणि आम्ही त्यावर लेझर सोडतो. साध्या कार्बनच्या वायूची एक खूण दिसते, जडाची दुसरी. जडाची वाढली की जंतू आहे."

तू सुरी थांबवलीस. "म्हंजी जंतूला जेवाय घालायचं अन् त्याचा ढेकर पकडायचा."

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या गटाच्या सरांना सांगितलं. ते हसून हसून खुर्चीत मागं रेलले आणि पुढं पाहुण्यांना यंत्र दाखवताना तेच वाक्य सांगायला लागले. कुणाचं आहे ते मात्र सांगत नसत, मी मध्ये पडून सांगायचे.

यंत्राला तपासायला माणसं लागत होती, दुखणारी आणि न दुखणारी दोन्ही. रुग्णालयाची रीतसर परवानगी झाली होती. तू आपणहून आलीस. सरांनी सांगितल्याप्रमाणं आधीपासून गोळ्या बंद केल्या होत्यास, आणि त्या बंद ठेवताना काय जळजळ सोसलीस ते दादानं मला मागाहून सांगितलं. उपाशीपोटी सकाळच्या गाडीनं आलीस, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. खोलीत शिरल्या शिरल्या तुझा विरस झाला. फाट्यावरच्या गणपतीपुढं लाल-हिरवा झोत नाचवणारा लेझर तू पाहिला होतास, इथं नुसतं लांबडं टेबल, त्यावर एक नळकांडं, दोन आरसे आणि वायरींचा गुंता.

"उजेड कुठंय?"

"हा डोळ्यांना दिसत नाही, वहिनी."

"दिसत न्हाई तर हाय कशावरून?"

मी पडद्यावरची रेघ दाखवली. रेघेत दोन खळगे होते, एक खोल, एक उथळ. तू पहिली पिशवी फुगवलीस, रस प्यायलीस, बाकावर अर्धा तास हात मांडीत घेऊन बसलीस, मग दुसरी पिशवी फुगवलीस. उथळ खळगा खोल गेला. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "हाय ना?" आवाजात भीती नव्हती. उलट काहीतरी हलकं झाल्यासारखं होतं. "इतकी वर्सं समदी म्हनत व्हती, तुज्या मनाचं हाय. मनाचं नव्हतं."

वहिनी, त्या एका वाक्यासाठी मला वाटलं होतं की माझ्या शिक्षणाचं सार्थक झालं.

तीन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. तोंडाला तांब्याची चव येते म्हणून कुरकुरत तू त्या पुऱ्या केल्यास. मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन पुन्हा फुंकर घेतली. खळगा जागचा हलला नाही. जंतू गेला होता. त्या दुपारी मी तुझ्याबरोबर फाट्यावर आले, आणि तू चूल सोडून गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलीस, दादाला म्हणालीस, "वाढा." मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी, वर कांदा. सगळी खानावळ बघत होती. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लंस आणि म्हणालीस, "लोकं उगीच येत न्हाईत, बरं का."

तुझ्यासारखी जाहिरात कुणाची नसेल. ट्रकवाल्यांना, एसटीच्या ड्रायव्हरांना, बाजाराला आलेल्या बायकांना तू सांगायचीस, "माज्या नंदेनं मशीन केलंय. फुंकर मारली की पोटातलं समदं कळतं." मी म्हणायचे, समदं नाही, एवढं एकच कळतं. तू हात झटकायचीस. बोरी बुद्रुकच्या बायकांना जीपमध्ये घालून तू पुण्याला घेऊन आलीस, रस्त्यात त्यांना ढेकराची गोष्ट सांगत. त्यांतल्या बऱ्याच जणींना उपचार मिळाले. त्या परवा घाटावर होत्या. रडत होत्या. त्यांच्याकडं मला बघवलं नाही.

कारण वर्ष-दीड वर्षानं तू पुन्हा अर्ध्या भाकरीवर आलीस. "भरल्यावानी वाटतं," म्हणायचीस. पोलकी सैल झाली, तू आतून टाके घातलेस. मी पाहिलं आणि म्हणाले, आता नळी घालून बघायची. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"माज्या फुंकरीत कायबी न्हाई. तूच सांगितलंस."

"फुंकरीत जंतू नाही एवढंच सांगितलं. पोटात दुसरं काही असू शकतं. ते श्वासात दिसत नाही."

"मग मशीन कशाला केलंस?"

"जंतू शोधायला."

"परत फुंकर घे."

मी घ्यायला नको म्हणत होते. उपयोग नव्हता हे मला ठाऊक होतं. पण तू म्हणालीस, फुंकर घेतलीस तर नळीचा इचार करीन. म्हणून घेतली. तुझा श्वास स्वच्छ होता. इतका स्वच्छ की सर म्हणाले, असा नमुना नव्या शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवावा. तू पडद्याकडं बघून माझ्याकडं वळलीस आणि म्हणालीस, "बघ."

त्या 'बघ'चं मी काय करू, वहिनी? मी चौदा विद्या शिकून आले आणि तुझ्या एका शब्दापुढं हरले. मी तुला ओरडून सांगितलं. दादाला सांगितलं, त्यानं तुला सांगितलं, तू त्यालाही 'बघ' म्हणालीस. फाट्यावरच्या डॉक्टरांनाही मी जाऊन सांगितलं. तेही म्हणाले, नळी घाला. तू त्यांना म्हणालीस, "तुमी आधी पित्त म्हनत व्हता."

नळीची भीती कुठून आली ते मला माहीत होतं. तुझ्या वडिलांना रक्ताची उलटी झाली तेव्हा त्यांना मंचरहून पुढं पुण्याला नेलं होतं. नळी घातली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तू दाराबाहेर उभी होतीस, त्यांचं ओकारी काढणं तू ऐकलं होतंस. नळीनं ते गेले नाहीत, वहिनी. रक्त आधीच फार गेलं होतं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू मला पहिल्यांदा परक्यासारखी म्हणालीस, "तू तिथं नव्हतीस." मी खरंच तिथं नव्हते.

त्यानंतर तू फोनवर तब्येतीचं बोलायचीच नाहीस. पावसाचं बोलायचीस, पूनमच्या बारावीचं बोलायचीस. पूनम, तुझी मुलगी, मागून ओरडायची, "आत्या, आई जेवत नाय." तू फोन तिच्यापासून लांब न्यायचीस.

अन्न खाली उतरायचंच बंद झालं तेव्हा दादानं तुला विचारलं नाही, गाडीत घातलं. थेट पुण्याला आणलं. नळी घालताना मी तुझ्याजवळ होते. तू माझं मनगट धरलं होतंस. डॉक्टरांनी पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं. जठराच्या तोंडाशी गाठ होती. वाट जवळजवळ बुजली होती. तुकडा तपासायला पाठवला, त्यात जे यायचं ते आलं. यकृतातही पसरलं होतं. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

वॉर्डात तू मला जवळ बोलावलंस. ओठ सुकले होते. मी कापसानं पाणी लावत होते.

"मशीन खोटं बोललं व्हय गं?"

"नाही. त्याला जे विचारलं ते त्यानं खरं सांगितलं. आपण विचारलेलंच वेगळं होतं."

मग म्हणालीस, "फाट्यावर लोकं म्हनतील, नंदीच्या मशीनमुळं कुसुम मेली. त्यांना सांग, तसं न्हाई."

"तू सांग. घरी चल आणि तूच सांग."

"नळी लई दुखली न्हाई," तू म्हणालीस.

एवढंच. मी तिथून उठून बाहेरच्या जिन्यात गेले आणि भिंतीवर हात आपटत राहिले. एक नर्स आली, तिनं हात धरून खाली बसवलं. नळी फार दुखली नाही. हे कळायला तुला इतका उशीर का लागावा? मला सांग ना, वहिनी. तुझा माझ्या मशीनवर विश्वास होता, माझ्यावर का नव्हता? ते यंत्र आणि मी वेगळे आहोत का? त्याच्या आरशांवर रोज मी हात फिरवते, त्याची रेघ मी वाचते. तू रेघेचं ऐकलंस आणि वाचणारीचं नाही.

तुला घरी न्यायचं तर कुठं, डिंगोऱ्याला की फाट्यावर, असं दादानं विचारलं. तू खानावळ म्हणालीस. वरच्या खोलीत तुला ठेवलं. खालून फोडणीचा वास येऊ नये म्हणून दादानं खानावळ बंद केली, तर दुसऱ्या दिवशी तू चिडलीस. "चालू कर. मला काय वास येत न्हाई आता." आचाऱ्याला वर बोलावून तू सारणाचं माप सांगितलंस. मी शेजारीच बसले होते, तरी ऐकलं नाही. मुद्दाम खिडकीबाहेरच्या गाड्यांकडं बघत राहिले. ते मला तुझ्या तोंडून अशा वेळी ऐकायचं नव्हतं.

गेलीस तेव्हा दुपार होती. खाली पंगत चालू होती. पूनम पाय चेपत होती. मी उशाशी होते. तुझा श्वास लांब लांब जाऊ लागला. आयुष्याची इतकी वर्षं मी माणसांच्या श्वासात खुणा शोधण्यात घालवली, आणि तुझा श्वास थांबला आहे हे मला पूनमनं सांगितलं. "आत्या, आई..." म्हणाली ती. मी तुझ्या तोंडाशी तळहात धरला. किती वेळ धरला कुणास ठाऊक.

आमचा शोधनिबंध छापून आला आहे. त्यात एक आलेख आहे, त्यावर माणसांची टिंबं आहेत, एका बाजूला आजारी, दुसऱ्या बाजूला बरी. नावं नाहीत. उपचारानंतरचं तुझं टिंब कोणतं ते मला माहीत आहे. ते बऱ्यांच्या घोळक्यात आहे. जगात कुणीही तो कागद उघडला तर तू तिथं बरी आहेस. सरांना मी म्हणाले, हे टिंब काढायचं का? ते म्हणाले, का? मोजमाप बरोबर आहे. बरोबर आहे, वहिनी. तेच तर मला सोसत नाही.

दहाव्यानंतर दादा आणि मी खानावळीच्या मागं बसलो होतो. तो म्हणाला, "आधी नेली असती तर?" मी लहानपणापासून त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंय, गणिताच्या, विजेच्या मोटारीच्या, कर्जमाफीच्या. या प्रश्नाला म्हणाले, "माहीत नाही, दादा." पहिल्या फुंकरीच्या वेळीच ते तिथं होतं का, असेल तर केवढं होतं, कुणालाच सांगता येणार नाही. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तुला बी माहीत न्हाई," आणि उठून गेला. रागानं नाही. आधार काढून घेतल्यासारखा.

दारात पूनम उभी होती. तिनं ऐकलं होतं. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणी घरातल्या घरातच लागतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं ते कुठंतरी वाचलं होतं. ती म्हणाली, "आत्या, माझी फुंकर घे."

काल घेतली. ती त्याच बाकावर हात मांडीत घेऊन बसली. खळगा खोल गेला. तिलाही आहे.

तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, गोळ्या घ्यायच्या, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि आईचं असं झालंय म्हणून नळीही घालून बघायची. मशीन काय म्हणतंय त्यावर थांबायचं नाही.

"आईला पण हेच सांगितलं व्हतंस?"

"हो."

"मग ती का नाय आली?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. तीच म्हणाली, "मी येते. कधी जायचं?"

तिला वेदना नाहीत, वजन ठीक आहे, जेवते. तिच्या वयात काही निघायचं कारण नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंय, मीही दादाला तसंच सांगितलं. मंगळवारी तिला घेऊन जाते आहे. दादा म्हणतो मी बाहेर थांबतो, आत येववत नाही. आत मीच असणार, पूनमचा हात धरून, पडद्याकडं बघत.

मला फार भीती वाटते आहे, वहिनी. मी शास्त्रज्ञ आहे म्हणून इथं सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत, आणि ही गोष्ट सांगायला माझ्याकडं तू सोडून दुसरं कुणी नव्हतं.